डोळा मारणारी मोटार!

दिवसा दिवे लपवायचे, रात्री उघडायचे. साठ-सत्तरच्या दशकातल्या स्पोर्ट्स कारची ही अदा पाहून लोक वेडे झाले. आता याच गाड्यांच्या म्हातारपणी त्यांचे डोळे उघडेनासे झालेत आणि मालकांपुढे प्रश्न पडलाय, जुनं ते सोनं म्हणायचं की रात्री रस्ता दिसायला हवा म्हणायचं?

समोरून एक लालभडक कॉर्वेट येतेय. लांब नाक, फुगीर खांदे, जमिनीला टेकल्यासारखी बैठक. अंधार पडायला लागलाय म्हणून चालवणारा बटण ओढतो. डाव्या बाजूचं झाकण टुणकन वर येतं, उजवं मात्र अर्ध्यावर अडकतं. गाडीनं चक्क डोळा मारलेला असतो! रस्त्यावरच्या माणसांना हसू फुटतं, आत बसलेल्याला घाम. अर्धा रस्ता दिसतो, अर्धा अंधारात.

अमेरिकेत शेवरोले कंपनीनं १९६८ ते १९८२ या काळात बनवलेल्या कॉर्वेटच्या मालकांना हा अनुभव नवा नाही. या पिढीच्या पाच लाखांहून जास्त गाड्या कारखान्यातून बाहेर पडल्या. त्यातल्या ज्या आजही धावतात, त्यांचे दिवे दुरुस्त करायचे की त्यांची यंत्रणाच बदलायची, यावर शौकिनांमध्ये हमरीतुमरीवर येण्याइतके वाद होतात.

पण मुळात दिवे लपवायची हौस आली कुठून?

मान जातो १९३५ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनात आलेल्या कॉर्ड ८१० या गाडीला. तिचा आकार घडवला गॉर्डन ब्यूरिग यानं. मालक ई. एल. कॉर्ड यांच्या हाताखाली स्टिन्सन ही विमानं बनवणारी कंपनीही होती. विमान उतरवताना लागणारे तिथले दिवे या गाडीच्या पुढच्या मडगार्डमध्ये बसवले गेले. ते उघडायला मोटर वगैरे काही नाही. डॅशबोर्डच्या दोन टोकांना दोन हँडल. उसाच्या चरकासारखी फिरवायची. एक चालवणाऱ्यासमोर, दुसरं पार पलीकडे! शेजारी कुणी बसलेलं नसेल, तर गाडी थांबवून आडवं झाल्याशिवाय गत्यंतर नाही.

पुढे दिवे लपवण्यात नुसती फॅशन उरली नाही. गाडीचं नाक जितकं खाली, तितका वाऱ्याचा अडथळा कमी. पण अमेरिकन नियमानुसार दिवे ठरावीक मापाचे, गोल, बंद काचेचे असायला हवेत आणि जमिनीपासून सुमारे दोन फुटांच्या खाली नकोत. आता सुरीसारख्या निमुळत्या नाकावर हे थाळीएवढे दिवे बसवायचे कुठे? १९६८ च्या मॉडेलांपासून तर दिव्यांवर वाऱ्यासाठी काचेचं झाकण लावायलाही बंदी आली. त्यापायी जग्वारच्या ई-टाइपसारख्या देखण्या गाडीला आपलं काचेचं आवरण उतरवावं लागलं. मग उरला एकच मार्ग. दिवसा दिवे पोटात, रात्री बाहेर.

कॉर्वेटनं हे १९६३ मध्येच केलं होतं आणि तेही विजेच्या मोटरवर. गंमत पाहा, १९६८ च्या नव्या मॉडेलमध्ये कंपनीनं वीज सोडली आणि दिव्यांचं काम इंजिनाच्या श्वासावर सोपवलं! आजची सगळी डोकेदुखी इथून सुरू होते.

श्वासावर म्हणजे काय? पेट्रोल इंजिन चालताना हवा आत ओढत असतं. ॲक्सिलरेटरवर पाय नसेल तर हवेची वाट जवळपास बंद असते आणि आतल्या नळकांड्यात जोरदार ओढ तयार होते. शहाळ्यात स्ट्रॉ घालून वरून ओढावं तशी. हीच ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, फुकटात मिळते. तिला रबरी नळ्यांतून एका रिकाम्या टाकीत साठवायचं, तिथून दिव्यामागच्या डब्यात सोडायचं. डब्यात रबराचा पडदा असतो. एका बाजूनं हवा ओढली की पडदा सरकतो, त्याला जोडलेला दांडा दिवा वर ढकलतो. दुसऱ्या बाजूनं ओढली की दिवा खाली. १९६८ ते १९७२ च्या गाड्यांत तर वायपरही एका झाकणाखाली लपवलेले असत आणि ते झाकणही याच व्हॅक्यूमवर उघडे. म्हणजे पावसाळी रात्री काच पुसायची आणि रस्ता पाहायचा, दोन्ही कामं काही रबरी नळ्यांच्या भरवशावर!

यंत्रणा नवी असताना झकास चालायची. पण रबराला वय असतं. आपल्याकडे गॅसच्या शेगडीची नळी ठरावीक वर्षांनी बदला असं सांगतात ना, तसंच. इंजिनाच्या उष्णतेत पन्नास वर्षं भाजलेली नळी कडक होते, तडकते. पडदा फाटतो. दांड्याभोवतीची सील झिजते. टाकीच्या तोंडाशी एक झडप असते, ओढ आत घ्यायची पण परत जाऊ द्यायची नाही एवढंच तिचं काम, तीही दगा देते. मग इंजिन बंद केल्यावर साठा टिकत नाही. चढणीवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ओढ एकदम घटते. काही जुन्या जीपचे व्हॅक्यूमवरचे वायपर घाटात मंद व्हायचे, त्याचं कारण हेच.

इंग्लंडमधल्या लोटस कंपनीच्या इलान या गाडीचं दुखणं आणखी मजेशीर. १९६२ च्या या चिमुकल्या स्पोर्ट्स कारमध्ये वेगळी टाकी कशाला, असं म्हणून सांगाड्याचा पुढचा आडवा पोकळ भागच व्हॅक्यूमची टाकी म्हणून वापरला. काटकसरीची कमाल! पण लोखंड गंजतं. सांगाड्याला टाचणीएवढं भोक पडलं तरी दिवे मान टाकतात. सुरुवातीच्या इलानमध्ये व्हॅक्यूम गेला की उघडे दिवे मिटायचे. भर वेगात, वळणावर! कुणाच्याही काळजाचा ठोका चुकेल.

अमेरिकन सरकारनं १९६९ पासून अशा दिव्यांसाठी स्वतंत्र नियमच केला. दिवे उघडे असताना शक्ती गेली तरी ते उघडेच राहिले पाहिजेत. बटण दाबल्यावर तीन सेकंदांत पूर्ण उघडले पाहिजेत. यंत्रणा बिघडलीच, तर कुठलंही हत्यार न वापरता ते उघडता आले पाहिजेत. पुढच्या इलानमध्ये मग उलटी व्यवस्था आली. स्प्रिंग दिवे वर ढकलणार, व्हॅक्यूम त्यांना खाली धरून ठेवणार. साठा संपला की डोळे आपोआप उघडणार. त्यामुळे रात्री मिटल्या डोळ्यांनी गॅरेजमध्ये झोपलेली इलान सकाळी टक्क जागी दिसते!

आता दुरुस्तीकडे. गॅरेजवाल्यांचा जुना नियम असा की आधी गळती शोधा, मग पैसे खर्च करा. दोन्ही दिवे सुस्त असतील तर दोष सामायिक भागात, म्हणजे टाकी, झडप, डॅशबोर्डचं बटण किंवा मुख्य नळी. एकच सुस्त असेल तर त्या बाजूचा डबा किंवा त्याची झडप. गॅसची गळती शोधायला साबणाचं पाणी लावून फुगे पाहतात, ती युक्ती इथे चालत नाही. कारण हवा बाहेर येत नाही, आत जाते! म्हणून काट्याचा हातपंप लावायचा, एकेक नळी चिमट्यानं बंद करायची आणि काटा कुठे स्थिर राहतो ते पाहायचं. वेळखाऊ काम आहे, पण अनेकदा सगळा आजार दोन वीत नळीचा निघतो. नव्या नळ्यांचे संच, नवे पडदे, डबे सगळं तिकडे मिळतं. नीट बसवलं तर मूळ यंत्रणा कित्येक वर्षं तक्रार करत नाही. हे न करता थेट विजेकडे धावणारे बरेच आहेत आणि त्यांची घाई काही खरी नव्हे.

तरीही वीज हवीच असं वाटणाऱ्यांची बाजू पोकळ नाही. ज्यांनी इंजिनात जास्त ताकदीचा कॅमशाफ्ट बसवलाय, त्यांच्या गाडीत संथ चालीवर ओढच पुरेशी तयार होत नाही. नळ्या कितीही नव्या घाला. त्यांच्यासाठी मधला मार्ग आहे. विजेवर चालणारा छोटा व्हॅक्यूम पंप कुठेतरी लपवून बसवायचा. डबे, नळ्या, झडपा सगळं जुनंच राहतं, फक्त श्वास उसना!

पूर्ण बदल करायचा तर व्हॅक्यूमचे डबे काढून तिथे विजेचा सरळ दांडा बसवतात. आत छोटी मोटर आणि आटे पाडलेला रॉड. मोटर फिरली की दांडा पुढे, उलटी फिरली की मागे. बटण ओढताच दोन्ही झाकणं एका तालात उठतात. अशा संचांना चांगली मागणी आहे.

पण खरी परीक्षा वायरिंगची. कॉर्वेटचं अंग पत्र्याचं नाही, फायबरग्लासचं आहे. साध्या गाडीत अर्थची वायर जवळच्या पत्र्याला कसली की काम झालं. इथे फायबरला कसून काय उपयोग? ती थेट सांगाड्यापर्यंत न्यावी लागते, जोड घासूनपुसून स्वच्छ करावा लागतो. हे विसरलं की नवी कोरी मोटर जुन्या डब्यापेक्षा सुस्त चालते. दोन्ही बाजूंना वेगळे फ्यूज हवेत, म्हणजे एक उडाला तरी दुसरा डोळा उघडा राहील. दांड्याची धाव नीट बेतली नाही, तर झाकण बोनेटच्या कडेवर आपटून रंगाचे टवके उडतात. आणि सर्वांत महत्त्वाचं, मोटर जळाली तर दिवा हातानं उचलता येतो का? मूळ गाडीत ती सोय होती. पैसे देण्याआधी हा प्रश्न विचारायलाच हवा.

वीज म्हणजे अमृत, असंही नाही. पुढच्या कॉर्वेटमध्ये, १९८४ पासून, कंपनी स्वतःच मोटरवर परतली. १९९७ ते २००४ च्या मॉडेलमध्ये तर मोटरमधलं प्लॅस्टिकचं दातेरी चाक झिजतं आणि दिवा नुसता करकरत राहतो. तिथे मालक पितळी चाक बसवून घेतात. मोटरला हातानं फिरवायची चकती असते, तिच्यावर रात्र निभावून नेता येते. याबाबतीत जर्मनीतली ओपेल जीटी सगळ्यांत शहाणी म्हणायची. १९६८ ते १९७३ च्या या गाडीत ना व्हॅक्यूम, ना मोटर. गिअरजवळचा दांडा जोर लावून ढकलायचा, दोन्ही दिवे एकाच दिशेला गोल फिरून बाहेर. दंडात बळ असेपर्यंत चिंता नाही!

वादाचा मुद्दा मात्र यंत्राचा नाही, मूळपणाचा आहे. कॉर्वेटच्या शौकिनांची अमेरिकेतली मोठी संघटना, १९७४ साली स्थापन झालेली नॅशनल कॉर्वेट रिस्टोरर्स सोसायटी, गाड्या तपासते ती कारखान्यातून निघाल्या तशा आहेत का या कसोटीवर. विजेचा दांडा दिसला की गुण गेले. आपल्या सरकारनंही २०२१ मध्ये विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आणले, त्यात पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली आणि मोठे फेरफार न झालेली गाडी अशीच व्याख्या आहे. प्रदर्शनात बक्षीस मिळवायचं असेल, तर नळ्याच बदलाव्यात. रोज संध्याकाळी बायकामुलांना घेऊन फिरायचं असेल, तर दिवे वेळेवर उघडणं महत्त्वाचं. आत मूळ नळी होती की नवी वायर, हे समोरून येणाऱ्या ट्रकला कळत नाही.

स्वतः लपणारे दिवे तर केव्हाच इतिहासजमा झालेत. नियम सैल होऊन हव्या त्या आकाराचे दिवे बसवता येऊ लागले, पादचाऱ्यांच्या सुरक्षेचे निकष कडक झाले. २००४ मध्ये कॉर्वेटची ती पिढी आणि लोटस एस्प्री या दोघींचं उत्पादन थांबलं, आणि मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या गाड्यांतून ही अदा संपली. त्यामुळे जी आहेत ती जपण्याची धडपड वाढलीय. जाणकार मालक बदल करतानाही एक पथ्य पाळतात. गाडीला नवं भोक पाडायचं नाही, मूळ वायर कापायची नाही. काढलेले डबे, झडपा, प्रत्येक नळीला चिठ्ठी लावून, एका खोक्यात भरून ठेवायचे आणि गाडी विकली तर ते खोकंही नव्या मालकाच्या हवाली करायचं.