विळीचा काळेपणा घासू नका

जुन्या विळ्या जमवणारे बरेच जण मला पातं दाखवतात ते पॉलिशपेपरने लखलखीत करूनच. त्यात लोहाराचा शिक्काही झिजतो. पोलादी पात्यावरचा काळा-करडा थर म्हणजे मळ नव्हे. कैरी, चिंच, लिंबू यांतलं आम्ल थोडं लोह विरघळवतं. कच्च्या केळ्यातलं टॅनिन त्याच्याशी मिळून काळं संयुग बनतं. तांबडा गंज फुगून सुटतो; हा थर चिकटून राहतो, गंजणं मंदावतं.

घासलेल्या पात्यावर मी तो असा आणतो: राखेने तेलकटपणा काढायचा, कोमट व्हिनेगर दहा-पंधरा मिनिटं लावायचं, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचं, कोरडं पुसून खोबरेल चोळायचं. काळेपणा येतो. शिक्का मात्र गेला तो गेलाच.