खेळातून उपचार : एक शिकण्याजोगी विद्या

दवाखान्यातून माणूस बरा होऊन घरी आला, असे आपण म्हणतो. पण बरा होणे म्हणजे नेमके काय? समजा, पाथर्डीकडच्या एखाद्या शेतकऱ्याला अर्धांगाचा झटका आला. वेळेवर औषधपाणी झाले, जीव वाचला. पण हात नीट उचलत नाही. घरची माणसे मायेने म्हणतात, “तात्या, तुम्ही नुसते बसून राहा.” तात्या सहा महिने ओट्यावर बसून राहतात. हात आखडतो, बोलणे तुटते, जगण्यातली गोडी जाते. औषधाने वाचवलेले रिकामपणाने घालवले, अशी गत होते.

हे टाळण्यासाठी जी विद्या आहे, तिला उपचारात्मक रंजन म्हणता येईल. आता कुणी विचारील, “करमणूक करायला विद्यापीठात कशाला जायचं?” प्रश्न रास्त आहे. करमणूक कुणालाही करता येते. पण तिचे औषध करायचे, तर ज्ञान लागते.

आपला सोंगट्यांचा खेळ घ्या. सोंगटी उचलताना अंगठा व बोट यांची चिमटी होते. घरे मोजताना मनाला चालना मिळते. आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते, चार माणसांशी बोलावे लागते. झटक्यानंतर काही रोग्यांचे डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. त्यांच्या सोंगट्या थोड्याथोड्या डावीकडे मांडायच्या, म्हणजे नजर तिकडे वळू लागते. खेळ तोच, पण रोग्यागणिक त्याची मांडणी वेगळी. भजनातला टाळही तसाच. कुणाला हलका द्यायचा, किती वेळ, आणि केव्हा थांबवायचे, हे ठरवावे लागते.

म्हणून या कामाच्या चार पायऱ्या मानतात. प्रथम रोग्याला काय जमते आणि काय आवडते ते पाहायचे. मग योजना आखायची. ती अमलात आणायची. शेवटी किती फरक पडला ते लिहून ठेवायचे. ही चौथी पायरी नसेल, तर ती नुसती करमणूक!

अमेरिकेत या विषयाची स्वतंत्र पदवी घेता येते. शरीररचना, मानसशास्त्र, निरनिराळे आजार व अपंगत्व यांचा अभ्यास असतो. तिथल्या राष्ट्रीय प्रमाणपत्रासाठी जाणत्याच्या हाताखाली किमान १४ आठवडे, ५६० तास प्रत्यक्ष काम करावे लागते.

आपल्याकडे या विद्येची सख्खी बहीण म्हणजे व्यवसायोपचार. इथे व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे, बरं का. जेवणे, कपडे घालणे, शेतातले काम, खेळ, असा माणसाचा रोजचा सारा व्याप. अमेरिकेत जन्मलेल्या आणि विवाहाने निंबकरांच्या घरात आलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विषयाची भारतातली पहिली शाळा काढली. १९५२ साली त्यांच्याच पुढाकाराने अखिल भारतीय संघटना उभी राहिली. पुढे नागपुरातही हे शिक्षण सुरू झाले.

आज मुंबईत के. ई. एम., शीव व नायर या रुग्णालयांशी जोडलेल्या महाविद्यालयांत आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ही पदवी घेता येते. त्यासाठी बारावीला जीवशास्त्र हवे. आपल्या जिल्ह्यात लोणीला भौतिकोपचाराचे शिक्षण मिळते. तेही उपयोगी, पण त्याचा भर हालचालीवर. व्यवसायोपचाराचा भर त्या हालचालीतून जगणे परत मिळवण्यावर. २०२१ साली संसदेने आरोग्यसेवेतील संलग्न व्यवसायांसाठी कायदा केला. त्याच्या यादीत व्यवसायोपचारक तर आहेच, रंजनोपचारकाचेही नाव आहे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, डॉक्टरकीचा प्रवेश हुकला की सारे संपले, असे मानणारी मुलेमुली आपल्या वर्गात दरवर्षी असतात. त्यांच्या कानावर ही वाट घाला. ऊसतोडीत हात दुखावलेला मजूर, झटक्याने बसलेली आजी, चालायला उशीर झालेले मूल, यांची वाण कुठल्याच गावात नाही. त्यांना हात देणारे शिकलेले माणूस मात्र गावाजवळ क्वचितच भेटते.

आणि तोवर घरच्यांनी काय करावे? काय झेपेल आणि काय टाळायचे, ते आधी डॉक्टरांना विचारावे. मग आजारापूर्वी तात्यांना जे आवडत होते, त्यातले जमेल तेवढे त्यांच्या हाती द्यावे. शेंगा निवडायच्या असोत की नातवाशी सोंगट्या खेळायच्या असोत. वेळ लागला तरी त्यांचे त्यांना करू द्यावे.