आधी कोंबडी, मग पाळणे

थीम पार्कातलं जेवण इतकं महाग का, हा प्रश्न पॉपकॉर्नचा डबा हातात पडला की प्रत्येकाला पडतो. पण त्याच्या आधीचा एक प्रश्न आहे, आणि त्याची गोष्ट भलतीच रंजक आहे. पार्क आधी आलं की त्यातलं जेवण?

कॅलिफोर्नियातल्या ब्यूना पार्क या गावी तरी जेवण आधी आलं.

वॉल्टर नॉट हे तिथले शेतकरी. बेरी पिकवायचे आणि रस्त्याकडेला विकायचे. रुडॉल्फ बॉयसन नावाच्या गृहस्थांनी बेरीचा एक नवा संकर करून पाहिला होता आणि नाद सोडून दिला होता. त्यांच्या जुन्या शेतात तणाखाली गुदमरलेल्या मोजक्या वेली उरल्या होत्या. नॉट यांनी त्या आणून जगवल्या, त्यांना टपोरी फळं धरली, आणि त्या फळाला त्यांनी बॉयसन यांचंच नाव दिलं: बॉयसनबेरी.

मग आलं १९३४ साल. मंदीचे दिवस, चार पैसे जास्तीचे मिळाले तर हवेच होते. वॉल्टर यांच्या पत्नी कॉर्डेलिया यांनी जूनमधल्या एका संध्याकाळी लग्नातल्या चिनी मातीच्या ताटल्या बाहेर काढल्या आणि आठ जणांना जेवू घातलं. तळलेली कोंबडी, गरम बिस्किटं, बटाट्याचा लगदा आणि त्यावर ग्रेव्ही, भाजी, शेवटी बेरीचं सारण भरून भाजलेली पेस्ट्री. किंमत ६५ सेंट.

चव तोंडोतोंडी पसरली. काही वर्षांतच रविवारी हजारो ताटं लागू लागली आणि माणसं तासन्‌तास ताटकळू लागली. आता या भुकेल्या गर्दीचं करायचं काय? वॉल्टर यांनी आवारात एक खोटा ज्वालामुखी उभारला. काचेतून आत डोकावता येईल असं मधमाश्यांचं पोळं ठेवलं. तेही पुरेना, तेव्हा १९४० साली त्यांनी जुन्या खाणकामगारांच्या वस्तीसारखं एक अख्खं ओसाड गाव वसवायला घेतलं. रांगेतल्या माणसांचा वेळ जावा म्हणून गाव! आज नॉट्स बेरी फार्म हे मोठं थीम पार्क आहे, आणि त्याच्या मुळाशी आहे जेवणाची रांग.

आता पैशाची दिशा बघा. त्या गावात शिरायला १९६८ पर्यंत तिकीटच नव्हतं. करमणूक फुकट, कमाई कोंबडीवर.

तिथून दहा-बारा किलोमीटरवर, अॅनाहाइमला, १९५५ च्या जुलैमध्ये डिस्नीलँड उघडलं. तिथला हिशेब वेगळा होता. फाटकावर प्रवेशशुल्क आणि आत प्रत्येक राइडचं वेगळं कूपन. कूपनांना ए, बी, सी अशा श्रेणी, आणि सगळ्यात थरारक राइड्सना पुढे ई श्रेणीचं कूपन. या दुहेरी वसुलीने एका अर्थतज्ज्ञाला पछाडलं. त्यांचं नाव वॉल्टर ओई. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेले जपानी वंशाचे अमेरिकन. दुसऱ्या महायुद्धात सरकारने त्यांच्या कुटुंबाला छावणीत डांबलं होतं. पुढे त्यांची दृष्टीही गेली. या माणसाने १९७१ साली एक निबंध लिहिला, तो अर्थशास्त्राच्या वर्गांतून आजही शिकवला जातो. त्यातला प्रश्न शाळकरी मुलालाही कळेल असा होता: तुम्ही पार्कचे मालक असाल तर पैसे फाटकावर घ्याल की पाळण्यापाशी?

उत्तर मात्र पायरीपायरीने उलगडतं. सगळी माणसं एकसारखी हौशी असती, तर आतली प्रत्येक गोष्ट जेवढ्यास तेवढी, म्हणजे खर्चाच्या भावाने द्यावी. स्वस्त म्हणून लोक पोटभर मजा करतील, आणि त्या सगळ्या मजेचं मोल फाटकावरच एका तिकिटात वसूल करता येईल. पण माणसं एकसारखी असतात कुठे? कॉलेजची पोरं रिकाम्या पोटीही दिवसभर पाळण्यांत बसतील. लहान मुलांना घेऊन आलेलं कुटुंब मात्र दर तासाला काही ना काही खाईल. दोघांना एकच मोठं तिकीट लावलं तर पोरं बाहेरूनच परत जातील. मग फाटकावरचा भाव जरा खाली ठेवायचा आणि ज्यांची हौस मोठी, त्यांच्याकडून ती आत वसूल करायची.

ओई यांचा विषय राइड्सचा होता. पण १९८२ मध्ये डिस्नीलँडने राइड्सची कूपनं बंद केली आणि एका तिकिटात सगळ्या राइड्स देऊन टाकल्या. नगावर विकायला आता उरलं काय? खाणंपिणं, खेळणी, टोप्या. ओईंचा तर्क आता पॉपकॉर्नला लावून पाहा: तो महाग डबा कुणाच्या तरी प्रवेशाचं तिकीट स्वस्त ठेवत असतो! तुम्ही खात नसाल, तर खाणारे तुमच्या वाटचे काही पैसे भरत असतात. हे पहिल्यांदा डोक्यात शिरलं की फाटक आणि गाडा एकाच दोरीची दोन टोकं वाटू लागतात. पाण्याच्या बाबतीत मात्र हा तर्क चालवू नये, असं माझं ठाम मत आहे. पॉपकॉर्न ही हौस असते, तहान ही गरज.

आणि नेमका पॉपकॉर्नच का? मक्याच्या त्या दाण्यात सुमारे १४ टक्के पाणी दडलेलं असतं. १८० अंश सेल्सियसच्या आसपास त्याची वाफ आतून इतका दाब देते की टणक कवच फुटतं, आतला स्टार्च फेसासारखा फुलतो आणि दाणा पार चाळीसपट होऊ शकतो. म्हणजे डब्यात बहुतेक हवाच असते. चुलीपाशी कसबी आचारी लागत नाही, एका हाताने चालता चालता खाता येतं, आणि वास आपणहून गिऱ्हाईक बोलावतो. टोकियो डिस्नीलँडमध्ये तर चक्क करीच्या चवीचे पॉपकॉर्न मिळतात आणि त्यासाठी लोक रांगा लावतात.

एवढे पैसे मोजूनही पार्कातलं जेवण बेतासबात का असतं, हे कोडंही इथेच सुटायला लागतं. हजारो माणसांना एकाच वेळी, दुपारी बारा ते दोनमध्ये भूक लागते. सकाळी स्वयंपाकघर ओस, दुपारी झुंबड. अशा जागी टिकतं ते तळलेलं, आधी करून ठेवता येणारं, काटा-चमच्याशिवाय खाता येणारं. चव दुय्यम ठरते ती घड्याळामुळे.

पण याच धांदलीतून एक गंमत जन्माला आली. डिस्नीलँडच्या पहिल्याच वर्षी तिथे कासा दे फ्रितोस नावाचं मेक्सिकन धाटणीचं उपाहारगृह सुरू झालं. मक्याच्या टॉर्टिया उरायच्या आणि फेकल्या जायच्या. त्यांचे तुकडे करून, तळून, मसाला लावून विकायला सुरुवात झाली आणि लोक तुटून पडले. आपल्याकडे शिळ्या पोळीचा कुस्करा होतो, तसंच हे. ताज्या टॉर्टियात ओलावा जास्त, तळली तर तेलकट आणि चिवट व्हायची. शिळी वाळलेली असते, म्हणून कुरकुरीत होते. फ्रितो-ले कंपनीतल्या आर्च वेस्ट यांच्या नजरेत ही विक्री भरली आणि १९६६ मध्ये तो पदार्थ अमेरिकाभर गेला. त्याचं नाव डोरिटोस!

फ्लोरिडातल्या एपकॉट पार्कात तर याहून मोठं नवल आहे. १९८२ पासून तिथे ‘द लँड’ नावाचं दालन आहे. होडीत बसायचं आणि हरितगृहांमधून तरंगत जायचं. दोन्ही बाजूंना पिकं, काहींची मुळं मातीशिवाय हवेत लोंबणारी. तिथल्या एका टोमॅटोच्या झाडाने वर्षभरात ३२,००० हून जास्त फळं दिल्याची विक्रमात नोंद आहे. आणि तिथला भाजीपाला पार्कातल्याच उपाहारगृहांत ताटात येतो. राइडमध्ये पाहिलेली काकडी थोड्या वेळाने तुमच्या कोशिंबिरीत!

आणि भाव शून्यावरच आणला तर? इंडियाना राज्यात सांताक्लॉज नावाचं गाव आहे, खरंच आहे. तिथल्या हॉलिडे वर्ल्ड या पार्काने २००० साली शीतपेयं फुकट केली. कितीही प्या. ओईंचा हिशेब इथे मांडून बघा. कपात असतं पाणी, साखरेचा पाक आणि वायू, म्हणजे खर्च नाममात्र. विकायचं म्हटलं तर खिडकी, माणूस, सुटे पैसे, रांग. फुकट केलं की तहानलेलं पोर रडत नाही, आणि उन्हाला कंटाळून चारला निघालं असतं ते कुटुंब सहापर्यंत थांबतं. थांबलं की भूक लागते, आणि जेवण तिथेही विकतच घ्यावं लागतं.