काचतंतू, त्यांची यंत्रे आणि ती राखणारी माणसे



आपल्या गल्लीतील खांबावरून जी काळी, बारीक केबल गेलेली दिसते, तिच्यातून निरोप नेतो तो विजेचा प्रवाह नव्हे, तर काचेच्या तंतूतून धावणारा प्रकाश, ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. बँकेचा व्यवहार, मुलांचा अभ्यास, दवाखान्यातील अहवाल, कारखान्यातील यंत्राला दिलेली आज्ञा, हे सर्व आज तिच्यातून जाते. ती बंद पडली म्हणजे आपण रागावतो, आणि तो राग दारी येणाऱ्या तंत्रज्ञावर निघतो. त्या रागाचा खरा धनी कोण, हे ठरवावयाचे तर हे शास्त्र थोडेसे समजून घेतले पाहिजे. मी अभियंता नव्हे. माझे आयुष्य कामगार संघटनेत गेले. जे शिकलो ते वाचून, आणि ही कामे करणाऱ्यांना विचारून विचारून शिकलो. तेव्हा माझे सांगणेही साधेच असणार.

प्रकाश सरळ रेषेत जातो, मग वाकलेल्या तारेतून तो कसा जावा? १८५४ मध्ये लंडनच्या टिंडॉलने एक प्रयोग करून दाखविला. भांड्याच्या छिद्रातून पाण्याची धार सोडली आणि आत प्रकाश टाकला, तर धारेबरोबर प्रकाशही वळत जातो. पाण्याच्या कडेवर तो फार तिरपा आपटतो, म्हणून बाहेर न पडता आतच परततो. काचतंतूत हेच घडते. लांब पल्ल्याच्या तंतूचा गाभा मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाइतका असतो. त्याभोवती किंचित निराळ्या काचेचे वेष्टन असते. गाभा आणि वेष्टन मिळून जाडी मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढी. प्रकाश गाभ्यातच कोंडला जातो आणि वळणावळणाने पुढे जातो.

पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॉपकिन्स यांच्यासह १९५४ मध्ये तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठविण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. परंतु त्या वेळची काच मळकट होती. थोड्याच अंतरात प्रकाश विझे. १९६६ मध्ये चार्ल्स काव आणि हॉकहॅम यांनी दाखवून दिले की दोष काचेचा नाही, तिच्यातील अशुद्ध द्रव्यांचा आहे. किलोमीटरमागे ऱ्हास २० डेसिबेलपर्यंत, म्हणजे निदान शंभरावा हिस्सा प्रकाश शिल्लक राहील इतका, खाली आणला तर टेलिफोनसाठी ही काच उपयोगी पडेल. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंगच्या संशोधकांनी ती मर्यादा गाठली. आजच्या चांगल्या तंतूत हा ऱ्हास किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबेल इतकाच आहे. पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश उरतो. काव यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हे तंतू परदेशातूनच यावे लागतात असेही नाही. आपल्या मराठवाड्यात, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत ते काढले जातात.

आता यंत्रांकडे वळू. तालुक्याच्या गावी इंटरनेट पुरविणाऱ्याच्या खोलीत एक यंत्र असते, त्याला ओ. एल. टी. म्हणतात. त्यातून निघालेला एकच तंतू रस्त्यावरील लहानशा डबीत येतो. त्या डबीला स्प्लिटर हे नाव आहे. तिला वीज लागत नाही. आलेला प्रकाश ती बत्तीस किंवा चौसष्ट वाटांत विभागते. प्रत्येक वाट एकेका घरी जाते, आणि घरातील पेटी, म्हणजे ओ. एन. टी., प्रकाशाचे पुन्हा विजेच्या संकेतांत रूपांतर करते. जाणारा आणि येणारा प्रकाश निरनिराळ्या रंगांचा, म्हणजे निरनिराळ्या तरंगलांबीचा असतो, म्हणून एकाच तंतूत दोघे सुखाने नांदतात. खाली येणारा मजकूर सर्वांच्या दारी पोचतो, पण तो कुलूपबंद असतो आणि ज्याची किल्ली त्यालाच उघडतो. वर पाठविताना मात्र सभेतील वक्त्यांप्रमाणे प्रत्येक घराची पाळी ठरलेली असते, ओ. एल. टी. हा सभेचा अध्यक्ष. प्रचलित जी-पॉन पद्धतीत सेकंदाला सुमारे अडीच अब्ज संकेत खाली येतात, पण ते त्या सगळ्या घरांत मिळून.

येथेच हिशेब सुरू होतो. प्रकाशाचाही जमाखर्च मांडावा लागतो. सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका वर्गातील यंत्रांना जास्तीत जास्त २८ डेसिबेल ऱ्हास सोसतो. बत्तीस वाटांची डबी १७ डेसिबेलच्या आसपास खाते. दहा किलोमीटर तंतूचे साडेतीन धरा, सांधे आणि जोडण्या यांचे दोन. एकूण साडेबावीस. साडेपाच डेसिबेल गाठीशी उरले. ते संकटकाळासाठी, कारण केबल तुटेल, सांधे वाढतील, कुठे तंतू वाकेल. आता मालकाने काटकसर म्हणून चौसष्ट वाटांची डबी बसविली, तर आणखी तीनाहून अधिक डेसिबेल गेले. उरले जेमतेम दोन. मग एखाद्या घरात खिळ्यावर आवळून वाकविलेली तारही सेवा बंद पाडावयास पुरेशी होते. ग्राहक तंत्रज्ञाला बोलतो, मालक तंत्रज्ञाचा दिवस कापतो, आणि चूक तर झालेली असते खरेदीच्या कागदावर!

कारखान्यांत काचतंतूचे महत्त्व निराळ्या कारणाने आहे. मोठ्या मोटारी आणि वेल्डिंग यांच्या शेजारून तांब्याची तार नेली तर तिच्यात विजेचा गोंगाट शिरतो. दोन शेडच्या अर्थिंगमध्ये फरक असेल तर तांब्यातून नको तो प्रवाह वाहतो आणि यंत्रे जळतात. काच वीज वाहत नाही, म्हणून ही दोन्ही संकटे टळतात. शहाणे कारखानदार तंतूचे वर्तुळ करतात. एका बाजूने तुटले तर निरोप दुसऱ्या बाजूने जातो. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातील केबली तुटल्या आणि भारतातील इंटरनेट मंदावले. जगाच्या बाबतीत जो धडा, तोच तालुक्याच्या बाबतीत. एकाच वाटेवर सारे गाव टांगून ठेवू नये.

आणि ही काच सांधतो कोण? तुटलेल्या जागी एक मनुष्य रस्त्याकडेला बसतो. तंतूवरचे आवरण सोलतो, स्पिरिटने पुसतो, टोक काटकोनात कापतो, आणि यंत्रातील विजेच्या ठिणगीने दोन टोके वितळवून एकजीव करतो. चांगल्या सांध्यात ०.१ डेसिबेलही जात नाही. पण कापलेले तुकडे केसासारखे बारीक असतात; ते कातडीत रुततात आणि डोळ्यांना दिसतही नाहीत. तंतूतील प्रकाशही अदृश्य असतो, म्हणून चालू तंतूच्या टोकात पाहणे डोळ्यांना घातक. चष्मा आणि तुकड्यांसाठी झाकणाची डबी, या गोष्टी त्याला मालकाने दिल्याच पाहिजेत. हे उपकार नव्हेत. तुटलेली जागा शोधण्याचे यंत्र प्रकाशाचा ठोका पाठवून परतणाऱ्या प्रकाशाचा वेळ मोजते आणि अंतर सांगते. ते महाग आहे. ज्याच्याकडे ते नाही, त्याचा कामगार केबल हातांनी चाचपीत कोसच्या कोस फिरतो.

पुष्कळदा केबल तुटते ती दुसऱ्याच खात्याच्या खोदाईने. खोदण्यापूर्वी खालच्या केबलींची चौकशी करता यावी म्हणून केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी एक मोबाइल अ‍ॅप सुरू केले. साधन आले; ते वापरण्याची सवय नगरपालिकेला आणि ठेकेदाराला आपणच लावली पाहिजे.

देशात सामान्य लोकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. २०११ मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याची योजना मंजूर झाली. तीच पुढे भारतनेट म्हणून ओळखली गेली. तंतू टाकल्याचा समारंभ होतो, फोटो छापले जातात. राखण्याचे काम मात्र रोजचे असते आणि त्याचा समारंभ नसतो. म्हणून नवी जोडणी घेताना केवळ दर विचारू नका. एका तंतूवर किती घरे आहेत? दुसरी वाट आहे काय? यंत्रे बंद पडल्यास ती दुसऱ्या बनावटीच्या यंत्रांशी जुळतील, की एकाच कंपनीच्या दारी जावे लागेल? आणि सांधे करणारी माणसे शिकविलेली, कायम पगाराची आहेत, की रोज नवी? हे चार प्रश्न विचारा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नीट मिळाले नाही, तर पहिल्या तिन्ही उत्तरांवर फारसा विश्वास ठेवू नये, असे माझे मत आहे.