त्रिधारी निवडुंग

त्रिधारी निवडुंग (शास्त्रीय नाव: युफोर्बिया अँटिकोरम) हा एरंड कुलातील काटेरी, मांसल खोडाचा लहान वृक्ष आहे. लिनियसने १७५३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. भारतीय उपखंड व आग्नेय आशियातील रुक्ष, खडकाळ जागी तो आढळतो. कोकणात निवडुंगाच्या जाती कुंपणासाठी लावल्या जातात. शोभेसाठी हा वृक्ष घरातही वाढवता येतो. मात्र सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण किनाऱ्यासारख्या दमट प्रदेशात त्याची निगा वेगळ्या रीतीने घ्यावी लागते.

वर्णन

उघड्यावर हा वृक्ष सुमारे ५ मीटर किंवा अधिक उंच होतो. कुंडीत तो बराच लहान राहतो. फांद्यांना सामान्यतः तीन धारा असून त्यांवरील उंचवट्यांवर काट्यांच्या जोड्या असतात. पाने लहान असून लवकर गळतात. त्यामुळे अन्ननिर्मिती प्रामुख्याने हिरव्या खोडात होते. ही वनस्पती कॅक्टस नव्हे. कॅक्टसच्या काट्यांच्या मुळाशी लवदार उशी असते, ती येथे नसते. फड्या निवडुंग हा मात्र खरा कॅक्टस असून मूळचा अमेरिका खंडातील आहे.

जागा व प्रकाश

कौलारू घराचे माजघर या झाडासाठी फार काळोखे ठरते. पडवी किंवा दक्षिण-पश्चिमेकडील खिडकी योग्य होय. प्रकाश अपुरा पडल्यास शेंडा बारीक व फिकट होऊन झाड कलते. कुंडी अधूनमधून फिरवावी. सावलीतील झाड एकदम कडक उन्हात ठेवल्यास खोड करपते.

माती व पाणी

तळाला छिद्र असलेल्या मातीच्या कुंडीत जांभ्याची बारीक खडी, नदीची जाडसर वाळू व थोडे कुजलेले शेणखत यांचे मिश्रण भरावे. समुद्राची वाळू क्षारयुक्त असल्याने वापरू नये. उन्हाळ्यात माती पूर्ण सुकल्यावरच पाणी द्यावे. जून ते सप्टेंबर या काळात हवेतील आर्द्रतेमुळे माती आठवडेच्या आठवडे सुकत नाही. तेव्हा पाणी जवळजवळ बंद ठेवावे. किनाऱ्यावरील घरांत हे झाड दगावण्याचा मुख्य धोका पाण्याच्या अभावाचा नसून मूळकुजीचा असतो. बुंधा मऊ व तपकिरी झाल्यास वरचा निरोगी भाग कापून नव्याने लावावा.

अभिवृद्धी

पावसाळा सरल्यावर १५ ते २० सेंटिमीटर लांबीची फांदी कापावी. चीक थांबेपर्यंत काप पाण्याने धुवावा, फांदी सावलीत आठ-दहा दिवस सुकवावी व काप बुजल्यावर कोरड्या मिश्रणात लावावी. ओल्या कापासह लावलेली फांदी सहज कुजते.

चिकाचा धोका

झाडाचा कोणताही भाग तुटल्यास पांढरा चीक स्रवतो. तो त्वचेचा दाह करतो. डोळ्यात गेल्यास तीव्र वेदना होतात, पारपटलाला इजा होते व उपचारांस विलंब झाल्यास दृष्टीस धोका संभवतो. छाटणी करताना हातमोजे व चष्मा वापरावा. चीक त्वचेस लागल्यास साबण व पाण्याने धुवावे. डोळ्यात गेल्यास डोळा न चोळता किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवून त्वरित नेत्रतज्ज्ञाकडे जावे. कुंडी लहान मुले व पाळीव प्राण्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावी.

संरक्षण

मांसल युफोर्बिया जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टानुसार नियंत्रित आहे. रानातील झाड उपटण्यापेक्षा रोपवाटिकेतील रोप किंवा कुंपणाची फांदी वापरणे श्रेयस्कर होय.