कापसाचा भाव भिंतीवर ठरतो

जिनिंगमध्ये कापूस पारखायचं माझं काम. गाडीतून मूठभर कापूस घ्यायचा, तंतू ओढून तो लांबीला किती भरतो ते बघायचं. लांबीवरून शेतकऱ्याशी कधी वाद होत नाही, ती त्यालाही दिसते. वाद होतो तो मायक्रोनेअरवरून, म्हणजे तंतूची भिंत किती भरली ते सांगणाऱ्या आकड्यावरून. “भाऊ, धागा तर लांब आहे, मग भाव कशापायी कापता?” तेव्हा बी.एस्सी.ला शिकलेलं वनस्पतिशास्त्र उपयोगी पडतं.

कापसाचा एक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी. फूल उमलतं त्या सुमारास सालीवरच्या काही पेशी फुगू लागतात आणि तीनेक आठवड्यांत अडीच-तीन सेंटिमीटर लांब होतात. आतल्या पाण्याचा दाब त्यांना ताणत असतो. त्या काळात पेशीची भिंत पातळ आणि लवचीक असते. तिच्यात सेल्युलोजचे धागे असतात आणि त्यांच्यामध्ये पेक्टिनसारखे चिकट पदार्थ.

मग लांबी थांबत येते आणि भिंत जाड होऊ लागते. घराच्या भिंतीला आपण बाहेरूनही गिलावा करतो. पेशीला ती सोय नाही, प्रत्येक नवा थर आतूनच चढतो. पेशीच्या पातळ पटलात प्रथिनांचे संच बसलेले असतात. संच आतून ग्लुकोज उचलतो, त्याचे रेणू एकापुढे एक जोडतो आणि सेल्युलोजच्या साखळ्या पटलाबाहेर सोडतो. शेजारच्या साखळ्या एकमेकींना चिकटल्या की साधारण तीन नॅनोमीटर जाडीचा दोर तयार होतो. दोर मागे टाकत संच पुढे सरकतो आणि त्याची वाट पटलाखालच्या सूक्ष्मनलिका आखून देतात. 2006 मध्ये मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या रोपात शास्त्रज्ञांनी हे संच चमकते करून जिवंत पेशीत सरकताना पाहिले.

थंडी पडली की हे काम मंदावतं. इजिप्तमध्ये कापसावर काम केलेल्या लॉरेन्स बॉल्स यांनी 1919 मध्ये दाखवलं, की तंतूच्या भिंतीत दिवसागणिक एक वलय पडतं. म्हणजे कोणत्या रात्री गारठा होता, हे तंतू लिहून ठेवतो. आमच्याकडे शेवटच्या वेचणीचा कापूस हलका का भरतो, याचं अर्धं उत्तर इथेच आहे. उरलेलं पाण्याच्या ओढीत.

सेल्युलोज जोडणाऱ्या या प्रथिनाचं वनस्पतीतलं जनुक सापडलं, तेही कापसातच. वाट मात्र दाखवली एका जिवाणूनं. व्हिनेगरवर जाडसर साय धरणारा हा जिवाणू शुद्ध सेल्युलोज बनवतो, हे एड्रियन ब्राउन यांनी 1886 मध्येच नोंदवलं होतं. त्याचं जनुक 1990 मध्ये हाती आलं. मग डेबोरा डेल्मर आणि सहकाऱ्यांनी कापसाच्या तंतूत त्याच्याशी जुळणारी जनुकं शोधली आणि 1996 मध्ये ती जाहीर केली. व्हिनेगरची साय आणि आपलं धोतर, दोन्हींमागे एकाच घराण्याचं यंत्र! मला हा सगळ्या विज्ञानातला सर्वांत गमतीचा भाग वाटतो.

जिवाणूची स्वतःची भिंत मात्र सेल्युलोजची नसते. ती साखरेच्या साखळ्या आणि त्यांना आडवे बांधणारे अमिनो आम्लांचे तुकडे यांची जाळी असते. पेनिसिलिन हे आडवे बांध घालणाऱ्या विकरालाच अडवतं. आपल्या पेशींना भिंतच नाही, म्हणून आपण वाचतो आणि जिवाणू फुटतो.

आता मायक्रोनेअर. ठरावीक वजनाच्या रुईतून हवा सोडतात आणि ती किती अडते ते मोजतात. भिंत पातळ असली, तर तेवढ्याच वजनात तंतू जास्त बसतात, हवा जास्त अडते आणि आकडा खाली येतो. असल्या सुतात गुठळ्या होतात, रंग नीट धरत नाही. गिरणीवाला पैसे कापतो ते त्यासाठी.

बोंड फुटून तंतू वाळला की पेशी मेलेली असते. त्यानंतर भिंतीत कणाचीही भर पडत नाही. म्हणून शेतकरी भावांना एवढंच सांगणं, की बोंड पुरतं फुटू द्या आणि मगच वेचा. अर्धवट फुटलेलं बोंड वेचून आणलंत, तर माझ्या हातात काही उरत नाही.