रोस, रुदन आणि फुटलेला प्याला

लग्न म्हणजे निव्वळ आनंदसोहळा, असे आपण गृहीत धरतो. मात्र अनेक समाजांत लग्नाच्या तोंडावर वर-वधूला माखले जाते, भांडी फोडली जातात, वधूला रडावे लागते. परक्या नजरेला हे विधी विचित्र वाटतात. त्यांच्या मुळाशी एक साधी जाणीव आहे. नव्या आयुष्यात पाऊल टाकण्यापूर्वी जुन्याचा रीतसर निरोप घ्यावा लागतो.

याचे जवळचे उदाहरण गोव्यातच आहे. येथील ख्रिस्ती कुटुंबांत लग्नापूर्वी ‘रोस’ होतो. वर आणि वधू यांच्या अंगाला आप्तेष्ट नारळाचा रस चोळतात. नंतर त्यांना स्नान घातले जाते. अविवाहित आयुष्याची ही सांगता. हिंदू घरांतील हळदीशी असलेले त्याचे नाते तत्कालीन धर्मसत्तेलाही खुपले होते. गोव्यातील इन्क्विझिशनने १७३६ साली काढलेल्या फर्मानात लग्नातील ओव्या आणि हळद-नारळाचे लेपन यांसारख्या चालींवर बंदी घातली. इन्क्विझिशन संपले, रोस मात्र टिकला.

स्कॉटलंडच्या ईशान्य भागात आणि ऑर्कनी बेटांवर हाच निरोप दांडगाईने दिला जातो. मित्रमंडळी वर-वधूला गाठून काकवी, काजळी, पीठ आणि पिसे फासतात व उघड्या वाहनातून गोंगाट करीत गावभर फिरवतात. जर्मनीत लग्नाच्या पूर्वसंध्येला ‘पोल्टरआबेंड’ होते. पाहुणे वधूच्या दारात चिनी मातीची भांडी फोडतात. काच फोडणे मात्र अशुभ. तुकडे झाडून काढायचे ते वर-वधूनेच, दोघांनी मिळून. संसारातील पडझड एकत्र आवरण्याचा हा पहिला धडा.

ज्यू विवाहात विधीच्या अखेरीस वर पायाखाली काचेचा प्याला फोडतो. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले, त्याचे हे स्मरण. आनंदाच्या परमोच्च क्षणीही समाजाचे दुःख विसरू नये, हा त्यामागील भाव.

सर्वांत बोलकी प्रथा चीनमधील तुजिया समाजाची आहे. हुबेई, हुनान या प्रांतांतील या समाजात वधू लग्नाच्या बरेच दिवस आधीपासून, कधी महिनाभर, रोज रडत असे. आई, बहिणी, मैत्रिणीही तिच्यासोबत रडत. हे रुदन गीतांतून चाले. त्यांत आईवडिलांचे ऋण येई, ताटातुटीची व्यथा येई आणि लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाला शिव्याशापही असत. नीट रडू न शकणाऱ्या वधूला लोक नावे ठेवीत. स्वतःच्या लग्नाबाबत जिचे मत कोणी विचारले नाही, तिला मनातले उघडपणे बोलण्याची मुभा या रडण्यानेच दिली होती.

हे ध्यानात घेतले की रोसाकडे पाहण्याची दृष्टीही बदलते. आज काही ठिकाणी रोस म्हणजे अंडी आणि बिअर यांची फेकाफेक आणि कर्णकर्कश संगीत एवढेच उरते. त्या गोंधळात मूळच्या ओव्या हरवतात. बंदीला पुरून उरलेल्या या ओव्या आपल्या दुर्लक्षाने संपणे हे अधिक क्लेशकारक ठरेल. ज्यांना त्या मुखोद्गत आहेत, अशा वृद्ध स्त्रिया आपल्या वाड्यावर असतील, तर पुढच्या रोसाला त्यांना आग्रहाने बोलवावे. त्या जे गातील, ते लिहून किंवा ध्वनिमुद्रित करून ठेवावे.